उनाडची कवायत

“सावधान!”

बाई ओरडल्या आणि कुत्रं जागच्या जागी थिजलं. तोंडात बाईंची लोकरीची टोपी, पुढचा एक पाय हवेत. अंगणात कपडे वाळत घालणारी सून चिमटा हातात धरून तशीच उभी राहिली. स्वयंपाकघरात मुलाने घाईघाईने पाठ ताठ केली. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवलेला आवाज होता तो. या घरी आल्यापासून तीन महिन्यांत पहिल्यांदाच बाहेर पडला होता.

बाईंनी टोपी काढून घेतली. “विश्राम,” त्या म्हणाल्या. कुत्रं बसलं.

सुनेच्या हातातला चिमटा खाली पडला.

परदेशातल्या त्या खेड्यात सून जनावरांच्या दवाखान्यात नर्स होती. रस्त्यावर सापडलेली मांजरं, कुत्री, एकदा तर लंगडं बदक, सगळं घरी यायचं, बरं व्हायचं आणि कुणी भलं माणूस मिळालं की त्याच्या घरी जायचं. हे कुत्रं तिला पुलाखाली सापडलं होतं. जेमतेम सहा महिन्यांचं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं. त्याच्याशी कुणी कधी बोललंच नसावं. दहा दिवस सुनेने त्याला तिथल्या भाषेत चुचकारलं, बिस्किटं दाखवली. त्याने बिस्किटं खाल्ली, ऐकलं मात्र काडीचं नाही. “एक तर ते राहील या घरात, नाहीतर मी,” असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दोघंही राहिली, कारण बसचा थांबाच मुळी चार मैलांवर होता.

त्या सकाळपासून मात्र रोज साडेसहाला अंगणात कवायत सुरू झाली. कुत्र्याचं नाव पडलं उनाड. बाई “एक-दोन, एक-दोन” करत पुढे, उनाड मागे. मुलगा दूध कारखान्यात आणि सून दवाखान्यात गेली, की खिडकीबाहेर नुसती शेतं उरायची आणि शेतांपलीकडे आणखी शेतं. आता त्या शेतांना बाईंचा आवाज ऐकू जाऊ लागला. त्या उनाडला फैलावर घ्यायच्या, गावाकडच्या शेजारणींच्या कागाळ्या सांगायच्या, मुलाच्या लहानपणीच्या खोड्या सांगायच्या. उनाड कान टवकारून ऐकायचा.

“आई, माणसांशीही बोल की,” मुलगा म्हणायचा. “चार शब्द शिक इथले. दुकानात तरी जाशील.”

“या वयात?” बाई म्हणायच्या आणि विषय तिथेच संपायचा.

महिन्याभराने ओढ्यापलीकडच्या मेंढ्यांवाल्या बाई आल्या. सत्तरीच्या, एकट्या, गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट घातलेल्या. त्यांना मेंढ्या वळायला कुत्रं हवं होतं. उनाड त्यांना पाहताक्षणीच आवडला. बाईंनी त्याच्या गळ्यातला पट्टा नीट केला, “विश्राम” म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

“बरं झालं, कटकट गेली,” त्यांनी रात्री जेवताना जाहीर केलं. भाजीत मीठ दोनदा पडलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्या मुलाला म्हणाल्या, “माझं परतीचं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ.”

“अजून दोन महिने आहेत, आई.”

“इथे माझं काय काम आहे?” बाई म्हणाल्या. मुलाने तिकीट पाहिलं. पुढच्या सोमवारचं मिळत होतं. बाई कपाटातून साड्या काढून पलंगावर रचू लागल्या.

शनिवारी मेंढ्यांवाल्या बाईंची खटारा गाडी फाटकाशी थांबली. दार उघडायच्या आत खिडकीतूनच उनाडने उडी टाकली आणि पायरीवर उभ्या असलेल्या बाईंच्या अंगावर झेप घेतली. बाईंनी चेहरा कठोर ठेवायचा प्रयत्न केला, पण उनाडने तो चाटून काढला.

मेंढ्यांवाल्या बाई हातवारे करत बराच वेळ बोलल्या. सून ऐकत होती.

“काही ऐकत नाही म्हणतात तो,” तिने सांगितलं. “हाक मारली तर ढिम्म. मेंढ्या एकीकडे, हा दुसरीकडे. तुम्ही ओरडता तसं ओरडूनही पाहिलं म्हणे.”

“साव-डॅन!” मेंढ्यांवाल्या बाईंनी तिथल्या तिथे ओरडून दाखवलं. उनाडने जांभई दिली.

“मग ठेवून जा म्हणावं त्याला,” बाई शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. एक हात उनाडच्या पट्ट्यात घट्ट अडकला होता. “माझी काही हरकत नाही. तिकिटाचं काय, तिकिटं पुढेही मिळतात.”

सुनेने ते सांगितलं. मेंढ्यांवाल्या बाईंनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. मग खिशातून एक वही काढली, पेन्सिल काढली, आणि एकेक शब्द सावकाश बोलल्या. सुनेला हसू आवरेना.

“अगं, काय म्हणतेय ती?”

“आई, उनाडला परत करायला नाही आल्यात त्या. त्या म्हणतात, एवढ्याशा पिल्लाला जी भाषा जमली, ती मला का जमू नये? रोज सकाळी तुम्हाला न्यायला येईन म्हणतात. शिकवाल का, असं विचारतायत.”

बाईंनी पदर खोचला, पायरी उतरल्या आणि मेंढ्यांवाल्या बाईंना आपादमस्तक न्याहाळलं.

“शिकवीन,” त्या म्हणाल्या. “पण आधी तिला म्हणावं, टाचा जुळव.”