दोराचं उत्तर

"झालं गेलं गंगेला मिळालं. उतर आता," असं म्हणत दाजींनी गाठ आवळली आणि मेव्हण्याची पाठ थोपटली.

रंगारी मेव्हणा गच्चीचा कठडा ओलांडून दोराला टांगलेल्या फळीवर बसला. गाठ पक्की होती. तरीही त्याने ती पुन्हा चाचपली, आणि दाजींनी ते पाहिलं. खाली उभी माणसं बोटाएवढी दिसत होती.

गेल्या साली खाली फळीवर दाजी होते आणि वर दोर धरून हा. एक झुरका मारून येतो म्हणून हा दोर खांबाला अडकवून गेला, आणि दोर सुटला. तेव्हापासून दाजी लंगडतात आणि ताई या सख्ख्या भावाशी बोलत नाही. आज दाजींनीच त्याला कामावर बोलावलं होतं. देवमाणूस, असं सगळे म्हणाले. देवमाणसाचीही भीती वाटते, हे त्याला फळीवर बसल्यावर कळलं.

फळीवरून वरचा माणूस दिसत नाही. म्हणून रंगाऱ्यांची एक रीत असते. खालच्याने दोराला झटका द्यायचा, वरच्याने झटक्यानेच उत्तर द्यायचं. मी आहे, एवढंच सांगायला.

निम्मी भिंत झाल्यावर त्याने झटका दिला. उत्तर आलं नाही. पुन्हा दिला. दोर गप्पच.

"दाजी! ओ दाजी!"

वाऱ्याने हाक कुठल्या कुठे नेली. ब्रश हातातून निसटला. तो खाली आपटल्याचा आवाज येईपर्यंत त्याचा जीव अर्धा झाला. डोळे मिटून, फळी कवटाळून तो लहान पोरासारखा ताईच्या नावाने हाका मारू लागला.

तेव्हा दोराला एक झटका बसला.

दाजींनी कप्पीवरून त्याला वर ओढून घेतलं.

"कुठे... कुठे गेला होतात?"

"कुठे जातोय? दोर धरूनच बसलो होतो."

"मग उत्तर का नाही दिलंत?"

"मला तरी तेव्हा कुणी दिलं होतं?" दाजींचा आवाज चढला नव्हता. "वर्षभर घोकतोय, विसरायचं, विसरायचं. जमेना रे. तुला एकदा कळल्याशिवाय जमेना."

दाजी लंगडत कठड्यापाशी गेले, फळीवर बसले आणि दोर त्याच्या हातात दिला.

"उरलेली भिंत मी करतो. सोड खाली."