खोटी आग

आमच्या इमारतीत दर महिन्याला आगीच्या भोंग्याची चाचणी असते. भोंगा वाजला की लिफ्ट बंद, सगळ्यांनी जिन्याने खाली जायचं. पहिल्या वेळी आईला सहाव्या मजल्यावरून उतरवलं, तर आठवडाभर तिचे गुडघे सुजून राहिले. तेव्हापासून तीच म्हणते, "खोटीच तर आग, जा तुम्ही."

आज आम्ही सगळ्यांच्या आधी खाली पोचलो. सेक्रेटरींनी पाठ थोपटली. दमून वर आलो, तर आई खुर्चीत तशीच बसलेली.

"आई, आता भोंगा ऐकला की पाय आपोआप जिन्याकडे वळतात बघा," बायको कौतुकाने म्हणाली.



"मलाही सवय झालीय गं," आई म्हणाली. "पूर्वी भोंगा वाजला की दाराकडे बघायचे. आता बघत नाही."