पंखा बंद असताना

आम्हा डॅनिश लोकांत चूक करणाऱ्याने सगळ्यांसाठी केक आणायचा असतो. कालच्या चाचणीवरून आस्गरने तो मला आणायला लावला, तोही मंगळयानासाठी यंत्रं निवडणाऱ्या समितीसमोर. हवा उपसून मंगळासारखी विरळ केलेल्या त्याच्या टाकीत माझं वारा मोजायचं यंत्र होतं. त्याची दोन टोकं एकमेकांकडे आवाज सोडतात. वाऱ्याबरोबरचा लवकर पोचतो, वाऱ्याविरुद्धचा उशिरा. “टाकीतला पंखा बंद आहे, विबेके,” आस्गर म्हणाला, “तरी आजही तुझं खेळणं वारा दाखवतंय. भंगारात घाल!” समिती हसली. मी आकडे पाहिले. वारा टाकीच्या दाराकडून येत होता. “दार नीट लावलंयस?” “माझ्या टाकीबद्दल मला नको शिकवूस. केक काप!” केकवरचं क्रीम बोटावर घेऊन मी दाराच्या रबरावर फासत गेले. बिजागरीपाशी ते सुर्रकन आत ओढलं गेलं. मी बोट आस्गरच्या इस्त्रीच्या बाहीला पुसलं. “तू उद्या चॉकलेटचा आण.”