पहिली ओटी

वैजूला मूल व्हावं म्हणून तिच्या धाकट्या बहिणीनं, शुभानं, आपलं स्त्रीबीज दिलं होतं. नवरा आणि बंगलोरचे डॉक्टर सोडले तर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कडक सोवळ्याच्या सासूबाईंना, अंबूताईंना, तर मुळीच नाही.

विद्यानगरच्या घरी बारशाला पाळण्यात डोकावून शेजारीण ओरडली, "अय्यो, पोर अगदी मावशीवर गेलीय की!"

वैजूनं घाईघाईनं बाळाचं टोपडं पुढे ओढलं.

तेवढ्यात अंबूताई ओटीचं ताट घेऊन उठल्या आणि सुनेला सोडून थेट शुभासमोर उभ्या राहिल्या.

"अहो अक्का, आधी बाळंतिणीची भरायची!" शेजारीण म्हणाली.

शुभाच्या पदरात तांदूळ घालत अंबूताई शांतपणे म्हणाल्या,



"माझ्या सुनेची हिनं केव्हाच भरलीय."