राजेंद्रचा अखंड कॉम्प्युटर

शिरगावच्या आमच्या भजनी मंडळातल्या द्रौपदीकाकूंच्या राजेंद्रने घरच्या कॉम्प्युटरवर क्रिप्टोचं नाणं काढायला घेतलं. ऑफिसच्या कामाने आठवडाभर नागपूरला निघाला, तेव्हा बजावून गेला, "आई, हा अखंड चालू राहिला पाहिजे हां. मध्येच थांबला तर पहिलं नाणं हातचं जाईल."

"अखंड म्हणजे काय, ते तू मला शिकवतोस?" काकू म्हणाल्या.

त्यांनी लगेच सप्ताहासारखे पहारे लावले. दुसरी येऊन बसल्याशिवाय पहिलीने उठायचं नाही. आम्ही कॉम्प्युटरसमोर टाळ घेऊन अभंग म्हटले. लाइट गेली तेव्हा घरातले पंखे बंद करून सगळा इन्व्हर्टर त्यालाच दिला. कॉम्प्युटर भट्टीसारखा तापला, तर आळीपाळीने पदराने वारा घातला. राजेंद्रचा रोज फोन यायचा, "चालू आहे ना?"

"चालू आहे रे बाबा, तू जेवलास का?"

आठवड्याने राजेंद्र परतला, तर दारात चपलांचा ढीग. आत कॉम्प्युटरला झेंडूचा हार, पुढे फोडलेला नारळ आणि स्क्रीन काळीकुट्ट.

"आई, बंद कोणी केला? अगं, नाणं उद्या मिळणार होतं!"

काकूंनी शांतपणे त्याच्या हातावर दहीकाल्याचा प्रसाद ठेवला.



"सात दिवस पूर्ण झाले, काल्याचं कीर्तनही झालं. आता पुढच्या वर्षी बसवू."