दोघांचं वजन

"वहिनी, या. तुमच्याशिवाय माप निघायचं नाही," नितीन टेप हातात घेऊन म्हणाला.

संगिता पडवीच्या पायरीवरून हलली नाही. खाली अंगणात, पडवीच्या खांबाला लागून, तिच्या नवऱ्याची, मनिषची, लाल इटालियन मोटारसायकल उभी होती. अख्ख्या गंजाडात तसली दुसरी नव्हती, आणि खरं सांगायचं तर गंजाडच्या रस्त्यांना तिची गरजही नव्हती. पण हौसेला मोल नसतं. सकाळीच नितीननं मागचा जुना शॉकअप काढून परदेशातून मागवलेला नवा बसवला होता. त्याचं गॅरेज तलासरीला. पण मित्राची गाडी म्हणून तो हत्यारांची पेटी घेऊन घरी आला होता.

"मी नाही बसत," संगिता म्हणाली. "माझ्या जागी चिकूचा क्रेट ठेवा."

"क्रेट 'हळू चालवा' म्हणतो का?" नितीन हसला. "माणूसच पाहिजे. दोघं बसलात की मागची बाजू किती दबते ते बघायचं, तेवढी स्प्रिंग कमीजास्त करायची. मग खड्डा आलेला कळणार पण नाही. गाडी जागची हलवणार नाही, वहिनी. घाबरता काय?"

"घाबरत नाही. माझ्यामुळे एकदा झालं तेवढं पुरे."

मनिष मान खाली घालून पुसलेली टाकी पुन्हा पुसत राहिला.

"बस गं," दारात तांदूळ निवडत बसलेली सासू, हिराबाई, म्हणाली. "या वेळी नीट धरून बस म्हणजे झालं."

सरावलीच्या गतिरोधकावर संगिता मागच्या सीटवरून उडाली, त्याला एक पावसाळा उलटून गेला. खांद्याचं हाड जुळलं, पण डावा हात डोक्यापर्यंत जात नाही. तेव्हापासून तिची वेणी सासूच घालते, आणि वेणी घालता घालता रोज म्हणते, "दोन्ही हातांनी धरायचं असतं गं." संगिताही म्हणते, "हो आई, चुकलंच." हिनं हात सोडला, असं दवाखान्यात मनिषनंच सगळ्यांना सांगितलं होतं ना! चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि तीही रोज सकाळी, त्याच्या डोळ्यांदेखत. पण तोंड उघडायची हिंमत काही त्याला होत नव्हती. नवा शॉकअप तेवढा मागवला.

शेवटी संगिता उठली. स्टुलावर पाय देऊन, उजव्या हातानं सीट चाचपत, गाडीवर आधीच बसलेल्या मनिषच्या मागे बसली.

"आता पाय वर घ्या दोघांनी. मनिष, तू पडवीचा खांब धर. सोडू नकोस हां, नाहीतर आडवे व्हाल." नितीन मागच्या चाकापाशी उकिडवा बसला.

मनिषनं पाय वर घेतले आणि दोन्ही हातांनी खांब धरला. मागची बाजू हळूच दबली. तेवढ्यात त्याच्या कमरेपाशी शर्ट खेचला गेला. संगितानं तो दोन्ही मुठींत धरला होता. उजवी घट्ट, डावी जमेल तेवढी.

"अहो वहिनी," नितीन खालून म्हणाला, "उभ्या गाडीवरून पण पडता की काय!"

"सवय लावून घेते," ती म्हणाली. "परत हात सुटायला नको."

मनिषला राहवेना. पाठ तिच्याकडे होती म्हणून असेल, पण शब्द बाहेर पडले.

"तुझा हात सुटला नव्हता."

"काय?"

"तू पडलीस त्याच्या आदल्या रविवारी अच्छाडपर्यंत पोरांशी रेस लावली होती. त्यासाठी मी शॉकअपचा स्क्रू पार आवळला. एकट्याला ते बरं पडतं, गाडी डुलत नाही. तुला बसवायच्या आधी सैल करायचा होता. दोन मिनिटांचं काम. कंटाळा केला, झालं. शिवाय गतिरोधक दिसत होता तरी वेग कमी केला नाही. शॉकअप दबलाच नाही, मागची बाजू उसळली. तू धरलेलंच होतंस, संगिता. माझा शर्ट फाटला होता तुझ्या मुठीत. तो मी फेकून दिला."

हिराबाईचा सुपातला हात थांबला. नितीन टेपकडे बघत राहिला. आकडा मात्र त्याला दिसत नसावा.

शर्टावरची एक मूठ सुटली. मग दुसरी. स्टूल किंचित करकरलं आणि गाडीची मागची बाजू हळूहळू वर आली. जराही हिसका बसला नाही. शॉकअप खरंच चांगला होता.

मनिषला वळून बघायचं होतं, पण खांब सोडता येत नव्हता. त्याला फक्त तिची पावलं पायरी चढताना ऐकू आली. ती दारापाशी थांबली.

"आई," संगिता म्हणाली, "उद्यापासून माझी वेणी हे घालतील."