पाचवा डबा

पाच तारीख होती. दहा वाजून गेले तरी मेसेज आला नव्हता.

रेवणसिद्धनं पिठाचे हात पँटीला पुसले आणि फोन पुन्हा पाहिला. दर महिन्याच्या पाच तारखेला दहा वाजता मेसेज यायचा. 'दोघांचं' या डब्यात दोनशे रुपये टाकले. बायको, महेश्वरी, वारल्यावरही अकरा महिने तो येत राहिला. तिनंच तशी सोय लावून ठेवली होती. खातं रेवणसिद्धच्या नावाचं, फोनही त्याचाच, पण मोबाईलमधली ती बँक चालवायची महेश्वरी. गिरणीचा पैसा त्यात यायचा आणि ती त्याचे पाच वाटे करायची. बँक त्या वाट्यांना काय म्हणत होती कोण जाणे, महेश्वरी डबेच म्हणायची. लाईटबिल. पट्टा. झिजलेल्या दगडाला लावायची टाकी. लेकीची, पियाची फी. आणि शेवटचा, दोघांचं.

हा शेवटचा कशासाठी, असं त्यानं एकदा विचारलं होतं.

"भरू द्या की. मग सांगते," ती म्हणाली होती.

आता ती बँकच बंद होत होती. आज दुपारी बारा वाजता.

लाईट नव्हती म्हणून गिरणी थांबली होती. साडेअकराला फोन वाजला. लेक होती, शिवप्रिया. धाराशिवला कॉलेजात शिकत होती.

"अप्पा, पैशाची काळजी करू नका. सगळे गावातल्या बँकेत जमा होतील."

"पैशाचं न्हाय गं."

"परवा मी तुमच्या फोनात दुसरं ॲप टाकलंय बघा. खर्चाचे कप्पे त्यात आधीच केलेले असतात. किराणा, प्रवास, करमणूक..."

"करमणूक?"

"असतं अप्पा तसं. सगळ्यांनाच असतं."

"टाकी हाय का त्यात? पट्टा?"

"ते 'इतर'मध्ये टाकायचं."

"आन् दोघांचं?"

पिया म्हणाली, "अप्पा, बाराच्या आत त्या पानाचा फोटो काढून ठेवा. कडेची दोन बटणं एकदम दाबायची. आईनं मांडलेलं ते पान पुन्हा दिसायचं नाही."

तो फोन उघडायला गेला आणि लाईट आली.

बाहेर सकाळपासून आठ डबे लाईनीत होते. बाया डबे ठेवून घरी गेल्या होत्या, त्या लाईट बघून परत आल्या. डबा लाईनीत असला की माणूस घरी जाऊन आलं तरी नंबर जात नव्हता. हा नियम महेश्वरीचा. त्यावरून ती सरपंचाच्या बायकोशीही भांडली होती.

पहिला नंबर धुरपदाबाईचा होता.

"कालच्या ज्वारीत गहू लागला हुता, बाबा. भाकरी थापायला गेले तर चपातीवानी वढायला लागली. सून हसली मला."

"आज आधी ज्वारीच घेतो, मावशी."

त्यानं ज्वारी ओतली. गिरणी सुरू झाली. आता बाजूला होता येत नव्हतं. वरचं धान्य संपून दगड रिकामे फिरले की एकमेकांनाच खातात. धुरपदाबाईचं झालं, तोवर मागचीनं आपली ज्वारी पुढं केली. तिच्या मागं तिसरी. बाया घाईत होत्या. लाईट कधी जाईल त्याचा भरवसा नव्हता.

तिसरा डबा भरल्यावर त्यानं गिरणी बंद केली आणि फोन घेतला. बँक अंगठ्यानं उघडायची. त्याच्या अंगठ्यावर पीठ होतं. पुसून लावला, तरी घेईना. तीस वर्षं गरम पीठ चाचपून अंगठा गुळगुळीत झाला होता. तिसऱ्यांदा घेतलं.

पान पांढरं होतं. सेवा बंद करण्यात आली आहे. आपली शिल्लक वर्ग केली आहे. पाच डब्यांच्या जागी एकच आकडा होता. बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

"काय झालं रं?" धुरपदाबाई अजून गेली नव्हती.

"सगळ्यांचं पीठ एका डब्यात पडलं, मावशी."

"माझं तर न्हाय न्हवं त्यात?"

"न्हाय. तुमचं सुटं हाय."

धुरपदाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग ती तिथंच पोत्यावर बसली.

कोपऱ्यात रिकामे डबे पडले होते. त्यानं पाच काढले, फडक्यानं पुसले आणि खडूनं त्यांच्यावर नावं लिहिली. अक्षर बरं येत नव्हतं. चार डबे फळीवर मांडले. पाचव्यात गल्ल्यातले दोनशे रुपये टाकले आणि झाकण दाबून बसवलं. तो हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला. मग बाहेर जाऊन त्यानं तो लाईनीत ठेवला, सगळ्यात मागं.

थोड्या वेळानं शिवकन्या आली. माळ्यांच्या घरची नवी सून. कडेवर लेकरू, हातात गव्हाचा डबा. तिनं वाकून खडूची अक्षरं वाचली.

"दोघांचं? हे कुणाचं? इथं तर माणूस दिसंना. मी माझा म्होरं घेऊ का?"

रेवणसिद्ध दारापर्यंत आला.

"राहू दे त्यो," धुरपदाबाई पोत्यावरून म्हणाली. "डबा हाय न्हवं लाईनीत?"

शिवकन्यानं आपला डबा त्याच्या मागं ठेवला.